सात पोरं आणि एक स्विच: चौघांत खेळायचा खर्च आणि खटाटोप

गेल्या दिवाळीत दादाकडे सात भावंडं जमली होती. यंत्रं तीन: दादाच्या पोरांचा निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरूनही चालणारा आणि टीव्हीलाही लागणारा गेमचा कन्सोल, आणि पाहुण्या दोघांचे आपापले स्विच लाइट, त्याचीच नुसती हातात धरायची स्वस्त आवृत्ती. तरी पहिला तासभर कोणालाच कोणाबरोबर खेळता आलं नाही. मारिओ कार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता तो एकाच लाइटमध्ये. मोठ्या स्विचला जॉय-कॉनची, म्हणजे कडेला सरकवून बसवायच्या छोट्या कंट्रोलरांची, एकच जोडी. टीव्हीचं एचडीएमआयचं भोक सेट-टॉप बॉक्सनं अडवलेलं. वहिनीनं फराळाचं ताट ठेवता ठेवता "आत्याला विचारा, तिला कळतं त्यातलं" म्हणून सगळी वरात माझ्याकडे पाठवली.

मला तेव्हा फार कळत होतं असं नाही. पण तीन घरांनी मिळून बऱ्यापैकी पैसे घातले होते आणि ते चुकीच्या जागी घातले होते, एवढं दिसत होतं. एकट्यानं खेळायचं असेल तर माणूस यंत्राची किंमत बघतो आणि ते बरोबरच आहे. चौघांत खेळायचं असेल तर खर्च दुसऱ्याच गोष्टीवर ठरतो: डोकी किती आणि ती एका खोलीत आहेत की वेगवेगळ्या घरांत. दुकानात जाण्याआधी एवढं कागदावर लिहून काढा. बाकीचं पुढे.

पहिली पायरी: डोकी आणि खोल्या मोजा

स्विचवर एकत्र खेळण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एक कन्सोल, एक पडदा, सगळे त्याच्याभोवती. किंवा प्रत्येकाच्या हातात आपापला कन्सोल आणि सगळे एकाच घरात. हे कन्सोल आपसात बिनतारी बोलतात, त्याला इंटरनेटही लागत नाही आणि सदस्यत्वही. तिसरी तऱ्हा म्हणजे इंटरनेटवरून, कोणी नाशकात तर कोणी न्यू जर्सीत. या तिन्हींचा माणशी खर्च इतका वेगळा आहे की हिशेब करूनच दाखवते.

हिशेब अमेरिकेतल्या मूळ किमतींवर करते, कारण आपल्याकडचे भाव दुकानागणिक बदलतात. स्विच मार्च २०१७ मध्ये २९९.९९ डॉलरला आला आणि लाइट सप्टेंबर २०१९ मध्ये १९९.९९ ला. मारिओ कार्ट ८ डिलक्स ५९.९९ चा. जॉय-कॉनची जादा जोडी ७९.९९ ची. नंतर तिथेही भाव वाढले, पण कोणतं महाग आणि कोणतं स्वस्त हे बदललं नाही.

एका खोलीतले चौघे: एक स्विच, एक गेम, एक जादा जोडी. बेरीज साधारण ४४० डॉलर, माणशी ११०. चौघांचे चार लाइट आणि गेमच्या चार प्रती: बेरीज १०४० डॉलर, माणशी २६०. डॉलर ९० रुपयांना धरला तर पहिला प्रकार ३९,६०० रुपयांचा, दुसरा ९३,६०० चा. आयात करणाऱ्याचा नफा, कर आणि वाहतूक यांची भर वेगळी. म्हणजे "स्वस्तातला लाइट घेऊन देऊ प्रत्येकाला" हा विचार दिसतो काटकसरीचा, पण निघतो दुपटीहून महाग. दुसऱ्या प्रकारात खरा मार यंत्राचा नसतो, गेमच्या प्रतींचा असतो. दर नव्या गेमला चौपट पैसे, कायमचे.

जुन्या निन्टेन्डो डीएसवर ही सोय होती. एकाकडे कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेलं छोटं कार्ड, असली की शेजारच्या डीएसवर गेमचा तुकडा तात्पुरता उतरवून दोघांना खेळता यायचं. स्विचवर ते जवळपास गेलंच. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये गेमशेअर या नावानं ते परत आलं: ठरावीक गेम एका स्विच २ वरून जवळच्या दुसऱ्या कन्सोलवर, अगदी जुन्या स्विचवरसुद्धा पाठवता येतात. ठरावीक गेम, हे दोनदा वाचा.

दुसरी पायरी: कुठला स्विच

लाइट चौघांसाठी घेऊ नका. त्याचे जॉय-कॉन निघत नाहीत, तो टीव्हीला लागत नाही, त्याला मागे टेकू नाही. वेगळे जॉय-कॉन त्याला बिनतारी जोडता येतात खरे, पण ते जोडी म्हणून सरकवून चार्ज करायला त्याला खाचाच नाहीत. मग चार्जिंगचं वेगळं साधन घ्या, पाटासारखं काहीतरी उभं करून त्याला कन्सोल टेकवा. ५.५ इंचाच्या पडद्याभोवती तीन डोकी, हे एकदा करून बघितलंय. दोघांची कपाळं आपटली.

मूळ स्विचचा पडदा ६.२ इंचांचा. मागचा टेकू म्हणजे एका कडेला असलेली प्लॅस्टिकची बारीक पट्टी. सपाट टेबलावर उभा राहतो, गादीवर पालथा पडतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ओलेड मॉडेलचा पडदा ७ इंचांचा आणि टेकू पाठभर रुंद, हवा तितका कलता करता येतो. चार्जिंगचं भोक मात्र दोघांच्याही बुडाशी. म्हणजे टेबलावर उभा करून खेळताना वायर लावायची सोय नाही. स्विच २ मध्ये वरच्या बाजूला आणखी एक भोक दिलंय. कंपनीला हे कळायला आठ वर्षं लागली, पण कळलं.

माझं मत विचाराल तर घरगुती मैफलीसाठी वापरलेला ओलेड किंवा मूळ स्विच अजूनही उत्तम सौदा आहे. स्विच २ सुरुवातीला ४४९.९९ डॉलरला आला आणि त्यावरचा मारिओ कार्ट वर्ल्ड ७९.९९ ला. त्यात २४ जण शर्यतीत असतात, छान आहे, पण दिवाणखान्यात बसलेल्या चौघांची मजा त्यानं सहापट होत नाही. तुमच्याकडे आधीपासून जुने जॉय-कॉन असतील तर ते स्विच २ ला बिनतारी चालतात, फक्त कडेला अडकत नाहीत. जुने गेमही बहुतेक चालतात.

तिसरी पायरी: भारतात घेताना

निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही. दुकानात किंवा ऑनलाइन जे मिळतं ते कोणीतरी आणलेलं असतं, त्यामुळे वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. पावतीवर तो किती महिन्यांचा आहे ते लिहून घ्या.

स्विचला प्रदेशाचं बंधन नाही. जपानी कन्सोलवर युरोपातली कार्ट्रिज चालते. अडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही. आपल्या भोकात बसणारी पिन घातली की झालं. पण गेमला जोडून मिळणारे जादा ट्रॅक, जादा पात्रं, हे ज्या प्रदेशाची कार्ट्रिज त्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावे लागतात. आणि निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भारत नाही. लोक खात्याचा देश अमेरिका किंवा दुसरा काहीतरी ठेवतात आणि प्रीपेड कोड घेऊन पैसे भरतात. कोड ज्या देशाचा, खातंही त्याच देशाचं हवं. हे न बघता घेतलेला कोड तसाच पडून राहतो, विक्रेता परत घेत नाही.

म्हणून माझा सरळ सल्ला: गेम डाउनलोड करण्यापेक्षा कार्ट्रिज घ्या. ती भावाला देता येते, शेजाऱ्याला देता येते, कंटाळा आला की विकता येते. चौघांत खेळायच्या खर्चात सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. तीन घरांनी मिळून तीन वेगवेगळे गेम घेतले आणि फिरवले, तर तिन्ही घरांना तीन गेम. घरात रांगतं बाळ असेल तर एक माहिती: या कार्ट्रिजवर डिनाटोनियम बेंझोएट नावाचा अतिशय कडू लेप असतो, पोरांनी गिळू नये म्हणून. चाटून बघायची गरज नाही. मी बघितलंय, दोन कप चहा झाला तरी चव गेली नाही.

वापरलेला कन्सोल घेताना दुकानात उभं राहून चार गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सच्या पानावर स्टिक, म्हणजे अंगठ्यानं हलवायची छोटी दांडी, कॅलिब्रेट करायची सोय आहे. तिथे स्टिकला हात न लावता ठिपका आपोआप सरकतो का बघा. जॉय-कॉनमध्ये हे दुखणं सर्रास आढळतं. मग वायफाय लावून ऑनलाइन दुकान उघडून बघा, कारण छेडछाड केलेल्या कन्सोलवर कंपनी बंदी घालते आणि ती तिथे कळते. आधीच्या मालकाचं खातं काढलंय ना बघा. शेवटी डॉकमध्ये, म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडायच्या खोबणीत, घालून टीव्हीवर चित्र येतंय का तेही. विक्रेत्याकडे टीव्ही नसेल तर शेजारच्या दुकानात न्या, लाजू नका.

चौथी पायरी: माणसं बसवणं

जॉय-कॉनची एक जोडी म्हणजे दोन खेळाडू. डावा आडवा धरला की एक कंट्रोलर, उजवा आडवा धरला की दुसरा. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. पोरांच्या हातात तो आडवा तुकडा झकास बसतो. माझ्यासारखीचा अंगठा अर्ध्या तासात आखडतो, म्हणून मोठ्यांसाठी एखादा पूर्ण आकाराचा कंट्रोलर असावा. दुसऱ्या कंपन्यांचे ब्लूटूथ कंट्रोलर बरेच स्वस्तात मिळतात. एका कन्सोलला आठपर्यंत कंट्रोलर जोडता येतात.

जॉय-कॉनच्या कडेला मनगटाच्या दोरीची पट्टी सरकवतात. तिच्यावर अधिक किंवा वजा अशी खूण असते, तीच खूण जॉय-कॉनवरही असते. अधिकवर अधिक, वजावर वजा. उलटी सरकवली तरी ती आत जाते, आणि मग निघत नाही. माझ्या भाच्यानं ती काढायला उलथनं आणलं होतं. आधी तळाची छोटी कळ उघडा, मग दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत हळूहळू वर ढकला, निघते.

पट्टी बसली की कडेला दोन छोटी बटणं वर येतात, एसएल आणि एसआर. ग्रिप आणि क्रम बदलायच्या पानावर गेलात की ज्यानं ही दोन्ही बटणं आधी दाबली तो पहिला खेळाडू. भांडणं इथे होतात. आम्ही नियम केलाय की वयानं सर्वांत धाकटा आधी दाबणार. नवा जॉय-कॉन दिसतच नसेल तर त्या दोन बटणांच्या मधलं बारकं गोल बटण थोडा वेळ दाबून धरा, दिवे पळायला लागले की जोडला जातो.

टेबलावर दोघं, टीव्हीवर चौघं, हे साधं माप. ६.२ इंचांच्या पडद्याचे चार भाग झाले की प्रत्येकाच्या वाट्याला ३.१ इंच येतात, म्हणजे जुन्या मोबाइलएवढं चित्र, तेही दोन हात लांबून बघायचं. तोच गेम ३२ इंची टीव्हीवर लावला तर प्रत्येकाला १६ इंच. टीव्ही नसेल तिथे पडदा विभागला जात नाही असे गेम निवडा.

आणि ब्लूटूथ. स्विचवर ब्लूटूथ आवाजाची सोय सप्टेंबर २०२१ मध्ये आली, पण एक मेख आहे. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन जोडला की बिनतारी कंट्रोलर दोनच चालतात आणि जवळच्या कन्सोलशी बोलणंही बंद होतं. तिसरा कंट्रोलर का जोडला जात नाही म्हणून आम्ही एकदा पाऊण तास घालवला. कोपऱ्यात दादाचा स्पीकर चालू होता. चौघे खेळणार असाल तर आवाज टीव्हीतूनच येऊ द्या.

पाचवी पायरी: गेम

सुरुवातीला एकच घ्यायचा तर मारिओ कार्ट ८ डिलक्स. एका पडद्यावर चौघे, जवळजवळ बसलेल्या कन्सोलवर आठ, ऑनलाइन बारा. त्यात स्मार्ट स्टीअरिंग आहे, गाडी रस्ता सोडत नाही, आणि आपोआप वेग घेण्याचीही सोय आहे. दोन्ही चालू ठेवली की आमच्या आईच्या हातात नुसता कंट्रोलर दिला तरी ती शर्यत पूर्ण करते. गाडीच्या मागे बारीक अँटेना दिसली की समजावं, ही मदत चालू आहे. जरा हात बसलेल्यांनी ती बंद करावी, कारण काही जवळचे रस्ते तिच्यामुळे घेता येत नाहीत.

आमच्या घरात खरा चाललेला गेम मात्र दुसराच. क्लबहाउस गेम्स: ५१ वर्ल्डवाइड क्लासिक्स. जून २०२० मध्ये ३९.९९ डॉलरला आला. त्यात लुडो आहे, कॅरम आहे, आणि सेव्हन्स नावाचा पत्त्यांचा डाव आहे जो आपल्या बदाम सातचा सख्खा भाऊ. आजी-आजोबांना शिकवावं लागत नाही. शिवाय याचा मोफत गेस्ट पास असतो: एकाकडे गेम असला की बाकीचे आपापल्या कन्सोलवर तो पास उतरवून त्याच्याबरोबर खेळू शकतात. त्या दिवाळीतल्या दोन लाइटवाल्यांना हे माहीत असतं तर तासभर वाचला असता. कॅरमबद्दल एवढंच सांगते की घरात खरा बोर्ड असेल तर तोच काढा. बोरिक पावडरवरून सोंगटी घसरते तो आवाज पडद्यात नाही.

ओव्हरकुक्ड हा चौघांनी मिळून स्वयंपाक करायचा गेम, एकानं चिरायचं, दुसऱ्यानं शिजवायचं, तिसऱ्यानं भांडी घासायची. नवरा-बायकोनं पहिल्याच दिवशी खेळू नये. स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये एका पडद्यावर आठ जण लढू शकतात, पण पाचच्या पुढे आपण कोणता हे दिसत नाही.

अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स हा बेटावर गाव वसवायचा गेम भेट म्हणून दोन भावंडांत एक देणार असाल तर थांबा. एका कन्सोलवर एकच बेट. आठ जण राहू शकतात, पण ज्यानं आधी सुरू केलं तो बेटाचा कारभारी, आणि बेट पुढे सरकतं ते त्याच्याच खेळण्यावर. दुसऱ्या भावंडाला आयुष्यभर भाडेकरू असल्यासारखं वाटतं.

सहावी पायरी: लांबची माणसं

इंटरनेटवरून खेळायचं तर निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचं सदस्यत्व लागतं. एकट्याचं वर्षाला १९.९९ डॉलर, कुटुंबाचं ३४.९९, आणि त्यात आठ खाती बसतात. आठही भरली तर माणशी साडेचार डॉलरच्या आत. गट एकानं करायचा, बाकीच्यांनी आपापलं खातं त्यात घालायचं. फोर्टनाइटसारखे मोफत गेम सदस्यत्वाशिवायही चालतात. आणखी एक बचत: मारिओ कार्ट ८ मध्ये एकाच कन्सोलवरून दोघं ऑनलाइन उतरू शकतात, दुसरा पाहुणा म्हणून.

बोलण्यासाठी जुन्या स्विचवर फोनचं वेगळं ॲप आहे. आम्ही ते सोडून दिलं. व्हॉट्सॲप कॉल लावून फोन टेबलावर ठेवतो, काम भागतं. स्विच २ मध्ये सी बटण दाबून गप्पा मारायची सोय कन्सोलमध्येच आहे. ती ३१ मार्च २०२६ पर्यंत मोफत आणि त्यानंतर सदस्यांसाठी, असं कंपनीनं जाहीर केलं होतं.

जोडणी सारखी तुटत असेल तर सेटिंग्जमध्ये इंटरनेटच्या पानावर चाचणी करा. शेवटी एनएटी टाइप असं लिहून एक अक्षर येतं. ए किंवा बी आलं तर ठीक. डी आलं तर समोरच्याशी जोडणी लागणं कठीण. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे फार होतं. घरच्या ब्रॉडबँडवर या, जमलं तर वायर लावा. ओलेडच्या डॉकला त्यासाठी भोक आहे, मूळ स्विचला यूएसबीचा वेगळा अडाप्टर घ्यावा लागतो.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. आमची वेळ रविवारी सकाळी आठची, तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते: हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं बदलली की आम्ही दरवर्षी एकदा चुकतो.

वीज गेली तर, आणि प्रवासात

मूळ स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास, २०१९ च्या सुधारित मॉडेलची आणि ओलेडची साडेचार ते नऊ. जॉय-कॉन वीसेक तास जातात. वीज गेली की डॉकमधून उचला, टेकू लावा, खेळ तिथूनच पुढे चालू. पडदा लहान होतो, एवढंच. साध्या मोबाइल चार्जरनं स्विच हळूहळू चार्ज होतो, पण डॉकला १५ व्होल्ट लागतात, तिथे मूळ अडाप्टरच वापरा. अनोळखी कंपनीचा स्वस्त डॉक घेऊ नका.

चेअर कारमध्ये समोरच्या सीटच्या ट्रेवर स्विच उभा राहतो, पण ओलेडच. मूळ स्विच पहिल्या ब्रेकला खाली येतो.

सात पोरं आणि चार कंट्रोलर यांचा तिढा आम्ही असा सोडवला: चार शर्यतींचा एक कप, आणि कप संपला की शेवटच्या दोघांनी उठायचं. उठलेले फराळाकडे जातात, ताटं तोवर वहिनीनं भरून ठेवलेली असतात. पहिला आलेला लागोपाठ तीन कपांपेक्षा जास्त बसत नाही. आजी उठत नाही.